तिच्या तोंडी शब्द कोणाचे?

आमच्या गल्लीतल्या एका दादाने कॉम्प्युटरवर एक मुलगी घडवली आहे. ब्लेंडरमध्ये, एकट्याने, रात्र रात्र जागून. गोंड मुलगी. गळ्यात मण्यांच्या माळा, मागे सागाचं जंगल, कातडीवरची बारीक छिद्रंसुद्धा दिसतात. तिला फॉलो करणारे थोडेच, पण असल्या कॅरेक्टर्सचे अगदी दर्दी. दादा म्हणाला, "अगं, तू साहित्याची ना? हिच्या तोंडी चार वाक्यं लिहून दे." मी "बघते" म्हटलं. तीन आठवडे झाले, बघतेच आहे.

त्याच्या कलेबद्दल तक्रार नाही. 2022 मध्ये आपल्याकडे कायरा नावाची डिजिटल इन्फ्लुएन्सर आली, तिच्यामागे कंपनी आहे. दादाच्या मागे आहे हप्त्यावर घेतलेला लॅपटॉप. कोणी ऑर्डर दिलेली नसताना हा पापणीचा एकेक केस लावत बसतो. या वेडाचं मला कौतुकच आहे.

अडतं ते दुसरीकडे. 2017 मध्ये कॅमेरॉन-जेम्स विल्सन या ब्रिटिश फोटोग्राफरने शुडू नावाची कृष्णवर्णीय मॉडेल थ्रीडीत तयार केली. इन्स्टाग्रामवर अनेकांना ती खरीच वाटली. खरं कळल्यावर टीका झाली: गोऱ्या पुरुषाने काळ्या बाईचा चेहरा घडवायचा आणि नाव त्याचं, खऱ्या काळ्या मॉडेल्सनी मात्र कामाची वाट बघायची? पुढे शुडूच्या वतीने बोलायला आमा बाडू ही कृष्णवर्णीय लेखिका आली.

इथे ती जागा दादा मला देतोय. आणि मी गोंड नाही. बाजारात गोंड बायका आमच्याशी मराठीत बोलतात, आम्ही त्यांच्याशी गोंडीत कधीच नाही. आदिलाबादच्या गोंडांवर 1948 मध्ये पुस्तक लिहिणारा हायमेनडॉर्फ तर ऑस्ट्रियाचा. पण तो मारलवाईत राहिला, गोंडी शिकला. आम्ही जन्मापासून शेजारी, आणि आम्हाला साधं "जेवलीस का?" विचारता येत नाही.

दादाचं उत्तर ठरलेलं: "ती खरी थोडीच आहे!" अरे, मग एवढी मेहनत कशासाठी? निर्मलची लाकडी बाहुली आपण बाहुली आहोत हे लपवत नाही. तुझी लपवते, आणि त्याचीच तुला शाबासकी मिळते.

शेवटी माझ्या वर्गातल्या गोंड मैत्रिणीला मी ते चित्र दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली. "छान आहे गं," म्हणाली, "पण अशा माळा आमच्यात कोणी घालत नाही."

दादाला सांगितलं. तो जरा गप्प झाला, मग म्हणाला, "तिलाच विचार ना, लिहिते का."

विचारणार आहे. मैत्रिणीचं काम म्हणून फुकटात नाही. दादाच्या नावाशेजारी तिचं नाव, आणि पैसे आले तर अर्धे, हे आधी ठरवून.