कार्तिकीपर्यंत सात एकादश्या



आषाढी एकादशी झाली. देवळात जागर झाला, पहाटे आरती झाली. बारस सोडून जो तो आपल्या शेताला लागला आणि भजनी मंडळाचा मृदंग खुंटीला गेला. आता तो उतरणार कधी? कार्तिकीच्या आदल्या संध्याकाळी, असेच बहुतेक गावांचे उत्तर. मग ऐन वेळी सूर एकीकडे, टाळ दुसरीकडे. आणि आपण म्हणतो, पूर्वीचे भजन राहिले नाही!

पूर्वीचे भजन हवे तर पूर्वीसारखे बसायलाही हवे. पंचांग उघडून मोजा. आषाढी ते कार्तिकी या दोन एकादश्यांच्या मधे सात एकादश्या येतात. अधिक मास आला तर नऊ. तालमीचे दिवस देवानेच नेमून दिले आहेत, निरोप धाडायचीही गरज नाही.

पहिली एकादशी वाद्यांची. मृदंगाच्या डाव्या तोंडाला लावलेली कणीक भजन संपताच काढावी. ती वाळली की कातडे ताणते, आणि वासाने उंदीर येतात ते वेगळेच. शाईला पाणी लागू देऊ नका. पावसाळी हवेत कातडे सैल पडते, तेव्हा वादीखालचे गठ्ठे ठोकून सूर पेटीशी जुळवावा. टाळांच्या दोऱ्या तपासा. पेटीच्या भात्याला भोक पडले असेल तर आताच दुरुस्तीला द्या.

दुसरी आणि तिसरी जुन्या जाणत्यांची. अभंग गाथ्यात छापलेले आहेत, पण त्यांच्या चाली गाथ्यात नाहीत. त्या गावातल्या दोन-चार म्हाताऱ्यांच्या गळ्यात आहेत. त्यांना पाटावर बसवा, चहा द्या आणि चाली म्हणवून घ्या. पोरांच्या हाती मोबाइल असतोच. त्यात त्या भरून ठेवा. माणूस गेल्यावर चाल कुठे शोधणार?

चौथी आणि पाचवी पोरांची. मृदंग वाजवणारा एकच असला आणि तो नोकरीला शहरात गेला, तर मंडळ मुके होते. म्हणून त्याच्या शेजारी दोन पोरे बसवा. चुकतील, चुकू द्या. पट्टी फार चढी धरू नका. थोरांना आणि पोरांना मिळून म्हणता येईल अशी धरा.

सहावी माय-बहिणींची. जनाबाई, मुक्ताबाई, सोयराबाई, बहिणाबाई यांचे अभंग आपण गातो, मग त्यांच्या लेकींनी टाळ का धरू नये? मृदंगही धरावा. सूनबाईला यायला सवड मिळावी म्हणून त्या दिवशी फराळ पुरुषांनी करावा, एवढेच सांगतो.

सातवी रंगीत तालीम. रूपाच्या अभंगापासून पसायदानापर्यंत सारे एकदा सलग म्हणा. अश्विनात बाजरी, सोयाबीनची काढणी असते, म्हणून अवघड काम श्रावण-भाद्रपदातच उरका.

एवढा खटाटोप कशाला? सप्ताहात वीणा आठही प्रहर खाली ठेवायची नसते. दोन-दोन तासांचा पहारा धरला तरी दिवसाला बारा माणसे लागतात. ती गावात तयार झाली नाहीत तर पैसे देऊन बाहेरून आणावी लागतात, आणि मग सप्ताह गावाचा राहत नाही, वर्गणीचा होतो. शिवाय २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे एरवी रात्री १० ते सकाळी ६ कर्णा बंद ठेवावा लागतो. रात्रीच्या जागराला आवाज शेवटी आपल्या गळ्यांचाच.

भजनाच्या रांगेत बांधाचे भांडण असलेले दोघे शेजारी उभे राहतात आणि दोघांचा टाळ एकाच वेळी वाजतो. हे दुसऱ्या कोणत्या बैठकीत जमते? तेव्हा येत्या वद्य एकादशीला दिवेलागणीनंतर देवळाचे दार उघडा आणि मृदंग खुंटीवरून उतरवा. चार जण आले तरी सुरुवात करा. आवाज ऐकून पाचवा येईल.

रामकृष्णहरी!