रिकाम्या वेळेचे उद्योग : इंजिनाची शेड

घरांत मुलांसाठीं लहानशी रेल्वे मांडावयाची म्हटली, म्हणजे स्टेशन, बोगदा आणि पूल यांची आठवण सर्वांस आधीं होते. दमून आलेलें इंजिन जेथें पुन्हां कामास सज्ज होतें, त्या शेडची आठवण मात्र शेवटीं; आणि तोंपर्यंत फळीवर जागाच उरलेली नसते. आमच्या घरीं असेंच झालें. म्हणून या खेपेस या उपेक्षित कोपऱ्याविषयीं वाचकांशीं चार गोष्टी बोलण्याचें आम्हीं योजिलें आहे.

भारतांत ब्रॉडगेजवरील वाफेच्या गाड्यांची नियमित वाहतूक १९९५ सालीं संपली. त्यामुळें इंजिनास काय काय लागे, हें आतांच्या मुलांस प्रथम सांगितलें पाहिजे. भट्टीखालची राख खड्ड्यांत पाडून विझवावयाची. कोळसा व पाणी भरावयाचें. निसरड्या रुळांवर चाकें घसरूं नयेत म्हणून पेटींत कोरडी वाळू घालावयाची. आणि मग टर्नटेबलावर, म्हणजे फिरत्या बैठकीवर, तोंड वळवून इंजिन शेडमध्यें न्यावयाचें. कामांचा क्रम जागेप्रमाणें बदलतो. पण तीं शक्यतों एकाच रुळाच्या कडेनें मांडावीं, म्हणजे इंजिनास उगाच मागेंपुढें हेलपाटे घालावे लागत नाहींत.

मापाकडे विशेष लक्ष असावें. १:८७ या प्रमाणांत वीस मीटर लांबीचें इंजिन सुमारें २३ सेंटिमीटर होतें. टर्नटेबल घरांतील सर्वांत लांब इंजिनाहून थोडें मोठें हवें. तें विकत घेण्यापूर्वीं इंजिन स्वतः मोजावें.

दुसरी गोष्ट आम्ही नुकसान सोसून शिकलों. साध्या पद्धतींत इंजिनास वीज रुळांतूनच मिळते. आम्हीं एक इंजिन चालू केलें, तों शेडमधलें दुसरेंही निघालें, आणि टर्नटेबलाच्या खड्ड्यांत जाऊन पडलें! शेडमधील प्रत्येक रूळ मुख्य रुळांपासून विजेच्या दृष्टीनें तोडून त्यास स्वतंत्र बटण ठेवावें, हें त्या दिवशीं कळलें.

सर्व सजावट झाल्यावर मुलांनीं घरांतील वडील मंडळींस बोलाविलें. ड्रायव्हर होता, हिरवें निशाण घेतलेला गार्ड होता, स्टेशनमास्तरही होता. आमच्या काकूंनीं चष्मा सारखा करून राखेच्या खड्ड्याकडे पाहिलें आणि विचारलें, "अरे, ही राख काढतो कोण?" मुलें एकमेकांकडे पाहूं लागलीं, आणि खरें सांगावयाचें तर आम्हीही. लहानपणीं पहांटे उठून चुलींतली राख काढणाऱ्या काकूच होत्या, आणि आम्हीं ती काढतांना कधीं पाहिली नव्हती. आम्हांस ठाऊक होता तो फक्त ऊन ऊन चहा.

दुसऱ्या दिवशीं खड्ड्याशेजारीं फावडें घेतलेला एक माणूस उभा राहिला. मळलेल्या रुळांवर वीज नीट पोंचत नाहीं, म्हणून खेळ संपल्यावर ते पुसावे लागतात. त्या कामाच्या पाळ्याही मुलांनीं स्वतःच लावून घेतल्या.

पुण्यास कोथरूड भागांत १९९८ सालीं सुरू झालेलें जोशी यांचें लघुरेल्वे संग्रहालय आहे. जमेल त्या वाचकांनीं मुलांस तेथें एकदां अवश्य न्यावें. मात्र घरीं परतल्यावर मांडणीस आरंभ शेडपासून करावा, एवढीच आमची विनंती.