बिनशाईची बोटे

मी जुन्या वळणाचा माणूस आहे. माध्यमिक शाळेत तीस वर्षे इतिहास शिकवला. त्या काळात मुले मला पाठीमागे 'सनातनी' म्हणत असत, हे मला ठाऊक होते आणि त्याचे मला कधी वाईट वाटले नाही. पूर्वजांनी हाती दिलेली वस्तू टाकून देण्यापूर्वी ती दोनदा निरखून पाहावी, एवढाच माझा सनातनीपणा. निवडणुकीच्या दिवसांत तो जरा उफाळून येतो. सकाळी एका पक्षात आणि सायंकाळी दुसऱ्या पक्षात दिसणारा पुढारी मला सहन होत नाही. सरकारी तिजोरीतून मतदानाच्या तोंडावर होणारे वाटप मला लाच वाटते, मग ते करणारा पक्ष कोणताही असो. रात्री उशिरापर्यंत ओरडणाऱ्या ध्वनिक्षेपकाविषयी तर बोलायलाच नको. ही मते मी लपवीत नाही. परंतु आज जे लिहावयाचे आहे ते विरोधकांविरुद्ध नसून माझ्याच गोटातील मंडळींविरुद्ध आहे. आणि त्या मंडळींच्या पंक्तीला मी स्वतः बसलो होतो, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे.

माझे गाव लोणी. आंबेगाव तालुक्याच्या पूर्वेकडील अवर्षणप्रवण पट्ट्यातले. तालुक्याच्या पश्चिमेस सह्याद्री धो धो पाऊस झेलतो, डिंभ्याचे धरण भरते, मूळचे आंबेगाव त्याच धरणाच्या पोटात कायमचे बुडाले. आणि आमच्याकडे मात्र वैशाखात टँकरची वाट पाहावी लागते. धरणाला नाव आहे हुतात्मा बाबू गेनूंचे. म्हाळुंगे पडवळचा हा गडी १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत काळबादेवीला विलायती कापडाच्या मोटारीखाली चिरडला गेला. लोणी-धामणीच्या शिवारात पाणी आणण्याच्या म्हाळसाकांत उपसा सिंचन योजनेचे नाव आम्ही निवडणुकीमागून निवडणूक ऐकत आलो आहोत. ज्याला पाण्याचा हंडा डोक्यावरून आणावा लागतो त्याला मत ही काय चीज आहे हे समजावून सांगावे लागत नाही.

शिरूर लोकसभा मतदारसंघाचे मतदान १३ मे २०२४ रोजी होते. वार सोमवार. शनिवार, रविवार आणि त्याला जोडून मतदानाची पगारी सुट्टी. माझा मुलगा हडपसरला राहतो. तोही याच मतदारसंघात येतो. त्याच्या कचेरीतील चार कुटुंबांनी मिळून अलिबागजवळ नागावला तीन दिवस काढायचे ठरविले होते. "बाबा, सोमवारी दुपारपर्यंत परत येऊ, तुम्हाला थेट लोणीला पोचवतो," असे तो म्हणाला. नातवंडांचा आग्रह होता, गुडघ्यांना खाऱ्या हवेने बरे वाटते असा माझाही एक समज आहे. मी गेलो.

समुद्राविषयी माझी तक्रार नाही. पठारावरच्या माणसाला समुद्र दिसला की क्षणभर बोलणे सुचत नाही. सुरूच्या बनातून येणारा तो एकसारखा घोष, ओहोटीला दूरवर पसरलेली ओली वाळू, संध्याकाळी पाण्यावर विझत जाणारा उजेड: दोन दिवस मी खरोखर सुखात होतो. तांदळाची भाकरी, सुरमईचे कालवण आणि सोलकढी यांचे वर्णन मी करीत बसत नाही. या त्रैमासिकाच्या किनारपट्टीवरील वाचकांना ते सांगणे म्हणजे देहूकरांना अभंग समजावून देण्यासारखे आहे. शिवाय त्यांना समुद्र म्हणजे सहल नव्हे. समुद्र म्हणजे रोजचे काम, हे मी विसरलेलो नाही.

रविवारी रात्री जेवणानंतर ओसरीवर बैठक बसली. आमच्याखेरीज पुण्याकडचीच आणखी दोन-तीन कुटुंबे उतरली होती. त्यांत माझ्या वयाचे, निवृत्त, सुस्थितीतले गृहस्थ होते. विषय अर्थातच निवडणूक. पहिला अर्धा तास मी मनापासून माना डोलावल्या. पक्षफुटी, घराणेशाही, फुकटेगिरी, शिस्तीचा ऱ्हास: माझीच मते माझ्यापेक्षा शुद्ध भाषेत कोणी मांडीत होते. मग एक गृहस्थ म्हणाले, "खरे दुखणे निराळेच आहे. ज्याला सही करता येत नाही त्याला मत कशाला? जो कर भरतो, चार बुके शिकलेला आहे, त्यालाच मत असावे. देश दहा वर्षांत सुधारेल." बैठकीने एकमुखाने संमती दिली. माझा मुलगाही हसून "पॉइंट आहे" म्हणाला.

तेवढ्यात जेवण वाढणाऱ्या बाई ताकाचे पेले घेऊन आल्या. आमचे बोलणे त्यांच्या कानावर गेले असावे. पेला पुढे करताना त्यांनी मला सहज विचारले, "काका, आमचं मतदान झालं सात तारखेला. तुमचं कधी आहे?"

त्यांच्या डाव्या तर्जनीवर, नखाच्या मुळाशी, काळी रेघ होती. रायगडचे मतदान ७ मे रोजी होऊन गेले होते आणि ती शाई काही पाच-सहा दिवसांत जाणारी नसते. म्हैसूरच्या सरकारी कारखान्यात १९६२ पासून ती बनते. तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असते, उजेड लागला की ती काळी पडते आणि नख वाढून पुढे सरकेपर्यंत टिकते. मी ओसरीवर पाहिले. पेल्याभोवती वळलेली दहा-बारा जणांची बोटे होती, सगळी गोरीमोरी आणि स्वच्छ. "उद्याच आहे," मी म्हणालो. बाईंनी पुढे काही विचारले नाही. त्यांना भांडी घासायची होती.

आता त्या गृहस्थांच्या मुद्द्याकडे वळतो, कारण तो ओसरीवरचा म्हणून सोडून देण्याजोगा नाही. सुशिक्षित घरांतून तो वारंवार ऐकू येतो आणि तो मांडणारे स्वतःस परंपरेचे पाईक म्हणवितात. मी इतिहासाचा शिक्षक असल्याने मला एवढेच विचारावेसे वाटते की, महाशय, ही व्यवस्था आपण नव्याने शोधून काढली आहे काय? ती या देशात होती. १९३५ च्या कायद्यानुसार १९३७ साली ज्या प्रांतिक निवडणुका झाल्या त्यांत मताचा अधिकार जमीन, सारा, भाडे, शिक्षण अशा अटींवर मिळे. बहुसंख्य प्रौढांना तो नव्हता. माझे आजोबा दुसऱ्याची जमीन वाट्याने कसत. त्यांना मत नव्हते. ज्यांना मत होते त्यांनी दहा वर्षांत लोणीला पाणी आणले, असे काही आमच्या गावाच्या स्मरणात नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये पुण्यात सायमन आयोगापुढे साक्ष देताना प्रौढ मताधिकाराची मागणी केली होती. तेव्हाही अडाण्याला मत कशाला, हाच आक्षेप होता. घटनेच्या ३२६ व्या अनुच्छेदाने त्याचा निकाल लावला. १९५१-५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली तेव्हा उत्तरेकडील सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून वगळावी लागली, कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची आई एवढेच लिहून घेण्याचा हट्ट धरला. माझ्या आईने मात्र नाव सांगितले. लग्नातले लुगडे नेसून ती मतदानाला गेली होती, ही गोष्ट ती मरेपर्यंत सांगत असे. म्हणजे ज्याला मी वारसा म्हणतो त्यात आता हे मतही येते. मग जतन करण्याचा मक्ता ज्यांनी घेतला आहे त्यांनीच ते वाळूत टाकून यावे, हा कसला परंपरावाद?

आणि कराचे म्हणाल, तर कर कोण भरत नाही? काड्यापेटी घेणारा भरतो, खताची गोणी आणि फवारणीचा पंप घेणारा भरतो. शहाणपणाचे म्हणाल, तर ७ डिसेंबर २०२३ रोजी कांद्याची निर्यात बंद झाली आणि ४ मे २०२४ रोजी, म्हणजे आमच्या मतदानाच्या नऊच दिवस आधी, ती किमान दराची आणि शुल्काची अट घालून खुली झाली. या दोन्ही तारखा आणि त्यामधल्या काळात मंचरच्या बाजारात क्विंटलमागे काय गेले, हे आमच्या आळीतला निरक्षर शेजारी न अडखळता सांगतो. ओसरीवरच्या एकालाही त्यातली एक तारीख सांगता आली नाही. मी विचारून पाहिले होते. कोणाला मत द्यावे याविषयी माझे आणि त्या शेजाऱ्याचे कधीच जमलेले नाही. परंतु तो कशावर मत देतो हे त्याला कळते.

सोमवारी मी पहाटेच आवरून बसलो. मुलांना एकदा पाण्यात जायचे होते, मग आंघोळी, मग जेवण. निघालो तेव्हा दोन वाजले होते. वडखळच्या पुढे गाड्यांची रांग. खोपोलीनंतर घाटात रांग. सगळ्या गाड्यांच्या टपावर रबरी चकत्या आणि वाळूने भरलेल्या चपला. मतदान सहापर्यंत असते; सहाच्या ठोक्याला जो रांगेत उभा असेल त्याला चिठ्ठी मिळते आणि मग कितीही वाजोत, त्याचे मत घेतात. आम्हीही सहा वाजता रांगेतच होतो, परंतु ती खंडाळ्याच्या घाटातील होती. १९७७ साली, आमचा मतदारसंघ खेड या नावाने ओळखला जाई तेव्हा, मी पहिल्यांदा मत दिले. तेव्हापासून लोकसभेचे माझे एकही मत चुकले नव्हते. मुलगा म्हणाला, "बाबा, एका मताने काय होतं?" मी उत्तर दिले नाही, रागाने नव्हे, उत्तर सुचले नाही म्हणून.

उत्तर तीन आठवड्यांनी आले. मुंबई वायव्य मतदारसंघाचे मतदान २० मे रोजी झाले होते, तोही सोमवारच. ४ जूनला निकाल लागला तेव्हा तेथे जय-पराजयातील अंतर होते ४८ मतांचे. यष्टीच्या एका गाडीत, दाटीवाटीने का होईना, बसतील एवढी माणसे. लाखो मतदारांच्या त्या मतदारसंघातून त्या दिवशी किती गाड्या घाट उतरून किनाऱ्याला गेल्या असतील याचा हिशेब मी मांडीत नाही. आमच्या शिरूर मतदारसंघातही आंबेगावच्या बाजूला मतदान बरे झाले आणि हडपसर, भोसरीकडे ते बरेच खाली राहिले.

यावर दोन बचाव ऐकू येतात. पहिला असा की, सगळेच सारखे, म्हणून आम्ही निषेध म्हणून गेलो नाही. निषेध करावयाचा तर २०१३ पासून यंत्रावर 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटण आहे. दुष्काळी भागातील एखादे गाव पाण्यासाठी मतदानावर बहिष्कार टाकते, तेव्हा ते ठराव करते, तहसीलदाराला निवेदन देते, दिवसभर चावडीवर बसून राहते. तो मार्ग मला पसंत नाही, पण त्याला निषेध म्हणता येते. नारळाच्या झावळीखाली ताणून दिलेल्याचा निषेध कोणाला आणि कसा समजावा? दुसरा बचाव विश्रांतीचा. श्रमणाऱ्याला विसावा हवा हे मला पूर्ण मान्य आहे. आठवड्यातील एक दिवस राखून ठेवण्याची शिकवण तुमच्या वाचकांना मी काय सांगावी? परंतु ही सुट्टी विसाव्याची नव्हे. लोकप्रतिनिधित्व कायद्यात १९९६ साली १३५ ब हे कलम घातले गेले आणि मतदानासाठी भरपगारी रजा देणे मालकांवर बंधनकारक झाले. रोजंदारीवरच्या माणसालाही ती आहे. मतासाठी मागून घेतलेला हा पगार आहे. माझ्या लहानपणी औषधासाठी दिलेले पैसे कोणी जिलबीवर खर्च केले तर त्याला आमच्याकडे एकच शब्द होता, तो मी येथे लिहीत नाही.

उलट आमच्या जुन्नर-आंबेगावची मुंबईत डबे पोचविणारी, बाजारपेठेत पाठीवर गोणी वाहणारी माणसे पाहा. ग्रामपंचायतीच्या मतदानाला ती रात्रीची जीप भरून गावी येतात, मत देतात आणि त्याच रात्री परततात. त्या जीपचे भाडे पुष्कळदा उमेदवार भरतो, हे मला ठाऊक आहे. कायद्याने तो भ्रष्टाचार आहे आणि मी त्याचे समर्थन करणार नाही. तरी ही माणसे येतात. आम्हाला स्वतःची मोटार असून घाट आडवा येतो.

विधानसभेचे मतदान निवडणूक आयोगाने २० नोव्हेंबर २०२४ रोजी ठेवले. बुधवार मुद्दाम निवडला, शनिवार-रविवारला जोडून शहरी मतदाराने दांडी मारू नये म्हणून, असे मुख्य निवडणूक आयुक्तांनी तारीख जाहीर करताना उघडच सांगितले. शिकलेल्या मतदाराला लहान मुलासारखे दोन भिंतींच्या मध्ये बसवावे लागले. निरक्षराला मत नको म्हणणाऱ्यांपैकी कोणाला त्याची लाज वाटल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

मी मंगळवारीच यष्टीने मंचरला आणि तेथून लोणीला गेलो. बुधवारी सकाळी सातला शाळेच्या व्हरांड्यात रांगेत उभा राहिलो. माझ्यापुढे आमच्या आळीतला तोच शेजारी होता. तो म्हणाला, "गुरुजी, उन्हाळ्यात दिसला नाहीत." मी म्हणालो, "नव्हतो." शनिवारी निकाल लागला. आंबेगाव मतदारसंघात फरक निघाला १,५२३ मतांचा. मी कोणाला मत दिले आणि तो जिंकला की हरला हे येथे गैरलागू आहे.

परवा मुलाचा दूरध्वनी आला. पुन्हा नागावला जायचे म्हणतात, तेच घर, तीच माणसे. मी तारखा विचारून घेतल्या आणि भिंतीवरचे कॅलेंडर काढून आणले.