चार तास की चोवीस तास?

मॅगझीनच्या मराठी विभागात दरवर्षी मेसच्या जेवणावर एक, पहिल्या पावसावर तीन आणि 'इंजिनिअरिंगची चार वर्षं' या विषयावर निदान पाच लेख येतात. मीही मेसवरच लिहिणार होतो. पण गेल्या जुलैमध्ये घरी जे घडलं, तेव्हापासून डोक्यात एकच विषय घोळतोय. विषय आहे किडनीच्या मशीनचा. लगेच पान उलटू नका! बारावीची बायोलॉजी शिकवायला बसलेलो नाही. हा आपल्याच धंद्याचा विषय आहे, आणि त्यात मी कसा तोंडावर पडलो तेही सांगणार आहे.

आमचं गाव तळकोकणात. माझे थोरले काका, ज्यांना आम्ही सगळे आप्पा म्हणतो, लावणीच्या दिवसांत तापाने पडले. लावणीत दिवसभर चिखलात उभं राहायचं, पायाला कुठेतरी कापलेलं असतंच. थंडीताप आणि अंगदुखी म्हटल्यावर घरच्यांनी 'भिजल्यामुळे झालं असेल' म्हणून चार दिवस काढले. पाचव्या दिवशी डोळे पिवळे झाले आणि लघवी जवळजवळ बंद. लेप्टो! उंदराच्या लघवीतून पाण्यात आलेला जंतू जखमेतून अंगात शिरतो आणि आजार बळावला तर लिव्हर, किडनी दोन्ही धरतो. २००५ च्या जुलैतल्या महापुरानंतर मुंबईत याचीच साथ आली होती. आप्पांना घाटावरच्या एका मोठ्या हॉस्पिटलात हलवलं. मी हॉस्टेलवरून रात्रीची एसटी पकडून थेट तिथे पोचलो.

आप्पा आयसीयूत. बीपी औषधाच्या ड्रिपवर कसंबसं टिकलेलं. किडनीच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, डायलिसिस करावंच लागेल, पण नेहमीचं चार तासांचं डायलिसिस या बीपीला झेपणार नाही. मग दोन मार्ग राहतात. एक सीआरआरटी, म्हणजे कंटिन्युअस रीनल रिप्लेसमेंट थेरपी. त्याचं मशीन वेगळं असतं आणि ते पेशंटच्या उशाशी चोवीस तास चालू राहतं, गरज असेल तितके दिवस. दुसरा मार्ग म्हणजे नेहमीचंच डायलिसिस मशीन वेग कमी करून रात्रभर, सात-आठ तास चालवायचं. याला 'स्लेड' म्हणतात. पहिल्याचा एका दिवसाचा खर्च ऐकून बाबा गप्पच झाले. आपल्या मेसचं वर्षाचं बिल धरा, आणि ते रोज! दुसऱ्याचा खर्च त्यामानाने खूपच कमी होता.

काकू माझ्याकडे बघून म्हणाली, "माका ह्यातला काय एक कळणा नाय रे. तू शिकलेलो, तूच सांग."

आणि मी शिकलेलो! इन्स्ट्रुमेंटेशन, तिसरं वर्ष, एक केटी बाकी. मोबाईलवर अर्धा तास वाचून मी जाहीर केलं, "सीआरआरटीच करायचं. जे बेस्ट आहे तेच. स्वस्तातलं काही नको." बाबांनी मान डोलावली आणि एफडी मोडायला काय लागेल ते ओळखीच्या माणसाला फोनवर विचारायला बाहेर गेले. ती एफडी माझ्या शेवटच्या वर्षाच्या फीसाठी आणि ताईच्या लग्नासाठी होती. मला ते पक्कं माहीत होतं. तरी त्या क्षणी मला स्वतःचा अभिमानच वाटत होता, हे कबूल करायला हवं.

आता थोडं तांत्रिक. आपल्या हॉस्टेलच्या गच्चीवरची टाकी आणि खालचा हौद डोळ्यांसमोर आणा. टाकी म्हणजे रक्त. हौद म्हणजे पेशींमधलं आणि पेशींभोवतीचं पाणी. किडनी बंद पडली की लघवीवाटे जायचं पाणी अंगात साठतं, आणि त्यातलं बरंचसं हौदात जातं. त्यालाच आपण सूज म्हणतो. मशीन मात्र पाणी काढतं ते टाकीतून, म्हणजे रक्तातून. तेवढं पाणी हौदातून वर चढायला वेळ लागतो. समजा तीन लिटर पाणी काढायचंय. चार तासांत काढायचं तर ताशी ७५० मिली, चोवीस तासांत काढायचं तर ताशी १२५ मिली. पहिल्या प्रकारात टाकीच रिकामी होते आणि बीपी कोसळतं. दुसऱ्या प्रकारात टाकी भरत राहते. सीआरआरटीमागचा मुख्य विचार हाच आहे.

घाण काढण्याचंही तसंच. नेहमीच्या डायलिसिसमध्ये फिल्टरच्या बारीक पोकळ तंतूंमधून रक्त एका दिशेने जातं आणि बाहेरून डायलिसिसचं द्रावण उलट दिशेने. हीट ट्रान्सफरच्या लॅबमधला काउंटरफ्लो एक्स्चेंजर आठवा, फक्त उष्णतेच्या जागी युरिया आणि पोटॅशियम घ्या. हे द्रावण मिनिटाला ५०० मिलीच्या आसपास लागतं, म्हणजे चार तासांत १२० लिटर. सीआरआरटीत हिशेब असतो तो वजनाच्या दर किलोमागे ताशी २० ते २५ मिलीचा. आप्पांचं वजन ६० किलो. २५ च्या हिशेबाने ताशी दीड लिटर, दिवसाला ३६ लिटर. मिनिटाला किती? २५ मिली. निरोगी माणसाच्या दोन्ही किडन्या मिनिटाला साधारण १२५ मिली गाळतात. म्हणजे ते महागडं मशीन किडनीच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याचं काम करतं, पण न थांबता करतं.

बाबा बाहेर फोनवर असताना मॅडमनी मला बाजूला घेतलं आणि एका कागदाच्या पाठीवर गणित मांडलं. "तुला काय हवंय? हळू व्हायला हवं, बरोबर? यांचं आज दीड लिटर पाणी काढायचंय. आठ तासांत काढलं तर ताशी दोनशे मिलीच्याही आत. हे बीपीला झेपेल असं मला वाटतं. नाही झेपलं तर थांबवू आणि मोठ्या मशीनवर घेऊ. आधीच कशाला?" मग त्यांनी शेजारच्या बेडकडे बोट दाखवलं. तिथे एका पेशंटला सीआरआरटी चालू होतं. त्याचं लिव्हर गेलेलं आणि मेंदूला सूज होती. रक्तातला युरिया झपाट्याने उतरला की पाणी मेंदूच्या पेशींत ओढलं जातं आणि सूज आणखी वाढते. "तिथे मी नातेवाइकांना दोन पर्याय दिलेच नाहीत. तिथे हेच लागतं," मॅडम म्हणाल्या.

मी गप्प. व्हायव्हाला एक्स्टर्नलसमोर होतो तसा.

एफडी मोडली नाही. त्या रात्री आप्पांना आठ तास स्लेड झालं. बीपी दोनदा खाली गेलं, सिस्टरनी पाणी काढण्याचा वेग कमी केला, पुन्हा वर आलं. तीन रात्री सलग, मग एक दिवसाआड. अकराव्या दिवशी लघवी सुरू झाली तेव्हा काकूने कॅथेटरच्या पिशवीला अक्षरशः हात जोडले.

इथे कोणी म्हणेल, झालं तर मग, स्वस्तातली पद्धत बरी! थांबा. शेजारचा बेड चौथ्या दिवशी रिकामा दिसला. त्या माणसाचं काय झालं ते विचारायचं धाडस मला झालं नाही. पण तो गेला असेल तरी सीआरआरटी वाईट ठरत नाही आणि आप्पा वाचले म्हणून स्लेड श्रेष्ठ ठरत नाही. दोन रीडिंगवरून ग्राफ काढायचा नसतो, हे आपल्याला फर्स्ट इयरपासून सांगतात.

म्हणून हॉस्टेलवर परत आल्यावर मोठ्या चाचण्या शोधून वाचल्या. फ्रान्समधल्या २१ आयसीयूंमध्ये सुमारे ३६० पेशंटवर केलेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. चोवीस तासांची पद्धत आणि थांबून थांबून केलेलं डायलिसिस यांची त्यात तुलना होती. साठ दिवसांनी जिवंत राहिलेल्यांचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखं, ३२ आणि ३३ टक्के. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये १५०० वर पेशंटना सीआरआरटीचाच कमी आणि जास्त डोस देऊन पाहिला, किलोमागे ताशी २५ मिली आणि ४० मिली. २००९ मध्ये आकडे आले. नव्वद दिवसांतले मृत्यू दोन्ही गटांत ४४.७ टक्के! २०२० मध्ये १५ देशांतला, तीन हजारांवर पेशंटचा अभ्यास आला. डायलिसिस लवकर सुरू करावं की खरी गरज पडेपर्यंत वाट बघावी, हा प्रश्न होता. मृत्यूंचं प्रमाण पुन्हा सारखंच. आणि वाट बघितलेल्या गटातल्या दर दहांपैकी जवळपास चौघांना शेवटपर्यंत डायलिसिसची गरजच पडली नाही.

हे आकडे वाचून मी बराच वेळ तसाच बसून राहिलो. न वाचणारे किती आहेत ते बघा. किडनी बंद पडते ती बहुधा मूळ आजार सगळ्या शरीरावर पसरल्यामुळे. मशीन त्या आजाराशी लढत नाही, ते फक्त वेळ मिळवून देतं. तो वेळ मोलाचा आहेच. पण जास्त तास, जास्त डोस, लवकर सुरुवात आणि जास्त पैसा यांतल्या कशानेही तो आपोआप वाढत नाही. बीपी फार डळमळीत असेल, मेंदूला सूज असेल तिथे सीआरआरटीला तोड नाही. बाकी ठिकाणी कुठली पद्धत, हे पेशंट बघून ठरवायचं असतं.

माझं मत एवढंच आहे, की आपण घरातले लोक हे ठरवताना पेशंट बघतच नाही. आपण खर्च बघतो. महाग ते केलं म्हणजे माणसासाठी काहीतरी केलं. स्वस्त निवडलं तर पाहुणे म्हणतील, 'पैशासाठी मागे सरले.' माझे बाबा एफडी मोडायला निघाले ते थोडंफार या भीतीने, आणि ती भीती मी वाढवली. आप्पांनी बरं होऊन पहिलं काय विचारलं असेल? "खर्च किती झालो?" एफडी गेली असती तर ते ओझं त्या माणसाने जन्मभर वाहिलं असतं.

आता आपल्या धंद्याबद्दल. सीआरआरटीचा जन्म कसा झाला माहीत आहे? १९७७ मध्ये जर्मनीतल्या गॉटिंगेनला पीटर क्रामर नावाच्या डॉक्टरांकडून मांडीच्या शिरेत घालायची नळी चुकून धमनीत गेली. त्यांच्या लक्षात आलं, की रक्त ढकलायला पंपाची गरजच नाही, पेशंटच्या हृदयाचा दाब पुरेसा आहे. धमनीतून फिल्टरमध्ये आणि फिल्टरमधून शिरेत! पुढे सुरक्षितपणा आणि अचूकपणा यांसाठी पंप आले, सेन्सर आले, ते योग्यच झालं. पण ज्या पद्धतीची सुरुवात पंपाशिवाय झाली, तीच आज सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर आहे, याचा विचार कोणी करायचा?

त्या मशीनला पिशव्या लटकवायचे हुक असतात आणि त्यांना लोड सेल जोडलेले असतात. किती आत गेलं, किती बाहेर आलं, हे मशीन वजनावरून ठरवतं. लोड सेलचं एक्सपेरिमेंट आपण सगळ्यांनी जर्नलमध्ये एकमेकांचं बघून उतरवलंय. त्यात ताशी ३० मिलीची चूक सतत एकाच बाजूला झाली तर दिवसाला ७२० मिली होते. पिशवीला नुसता धक्का लागला तरी अलार्म. रात्री तीन वाजता शेजारच्या बेडचा अलार्म वाजला की सिस्टर धावत यायची. त्यातून फिल्टरमध्ये रक्त गोठण्याची भीती कायम. ते टाळायला सायट्रेट वापरतात. ते सर्किटमधलं कॅल्शियम बांधून ठेवतं आणि पेशंटला कॅल्शियम वेगळं परत द्यावं लागतं. एवढं सगळं सांभाळायला मशीनइतकाच माणूस लागतो.

उलट एक चांगलं उदाहरणही आहे. मोठ्यांच्या मशीनवर तान्ह्या बाळांना कसंबसं चालवून घ्यायचे, कारण बाळांसाठी वेगळं मशीन नव्हतं. इटलीतल्या विचेंझा इथल्या डॉक्टर क्लाउडिओ रोंको यांच्या गटाने इंजिनिअरांबरोबर बसून खास बाळांसाठी 'कार्पेडीएम' बनवलं आणि २०१३ मध्ये ते तीन किलोच्याही आतल्या बाळावर पहिल्यांदा वापरलं. कोणाला, कुठे आणि कशासाठी हवंय, हे आधी विचारलं म्हणून ते झालं.

आपण मात्र प्रोजेक्टला लाइन फॉलोअर रोबो करतो. माझी सूचना साधी आहे. २०१६ पासूनच्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमातून जिल्हा रुग्णालयांत डायलिसिस मशीन येऊ लागली. प्रोजेक्टचा विषय शोधायला एकदा जवळच्या डायलिसिस युनिटमध्ये परवानगी घेऊन जा. तिथल्या टेक्निशियनला विचारा, रात्री आठ तास हेच मशीन हळू चालवायचं तर काय अडतं? शुद्ध पाणी, शेजारी बसणारा माणूस, की आणखी काही? सरांनीही असे विषय मंजूर करावेत ही नम्र विनंती.

आणि तुमच्या घरावर अशी रात्र कधी येऊ नये. पण आलीच, आणि घरच्यांनी 'तू शिकलेला, तूच सांग' म्हटलं, तर 'बेस्ट तेच करा' म्हणू नका. डॉक्टरांना विचारा: अंगातून काय काढायचंय, किती वेगाने, आणि इथे आहे त्या मशीनवर ते होईल का? उत्तर 'नाही' आलं तर खुशाल एफडी मोडा. पण विचारा.

आप्पा आता शेतात जातात. पायात गमबूट असतात आणि तोंडात गमबुटांना शिव्या. बघा, पटतंय का.