पेपर सोडवणं ही पळवाट नव्हे

आमच्या वऱ्हाडातल्या तिवशात ज्या घरी पोरगा किंवा पोरगी सीएचा अभ्यास करते, त्या घरात एक तक्रार हमखास ऐकू येते. ‘पोट्टं नुसते पेपरच सोडवते, पुस्तक वाचते कवा?’ घरच्यांचं एक वेळ सोडा. कॉमर्स शिकवणारे आमचे काही प्राध्यापक मित्रही हेच जरा शुद्ध भाषेत सांगतात. आधी संकल्पना पक्क्या करा, अख्खा अभ्यासक्रम संपवा, मग वेळ उरला तर जुन्या प्रश्नपत्रिकांना हात लावा. नाहीतर ती घोकंपट्टीच.

या म्हणण्यात काहीच दम नाही असं नाही. प्रश्नांचा साचा पाठ झाला आणि परीक्षेत साचा बदलला की पोरगं आपटतं, हे खरं आहे. कायदा बदलला की जुनी उत्तरं चुकीची ठरतात, हेही खरं. पण यावरून ‘आधी समज, मग सराव’ असा जो क्रम लावला जातो, तो हिशेबाच्या विषयात टिकत नाही.

एक साधं उदाहरण घेऊ. एका जिनिंगनं १ एप्रिल २०२२ ला १,००,००० रुपयांचं यंत्र घेतलं. घसारा घटत्या शिल्लक पद्धतीनं १० टक्के. ३० सप्टेंबर २०२४ ला ते ७०,००० ला विकलं. तोटा किती? घसाऱ्याचं प्रकरण दोनदा वाचलेल्या मुलांना हे गणित देऊन बघा. एक जण विक्रीच्या वर्षाचा घसारा धरतच नाही आणि ११,००० तोटा काढतो. दुसरा अख्ख्या वर्षाचा घसारा धरतो, त्याचा येतो २,९००. तिसऱ्याच्या हातून सवयीनं सरळ रेषा पद्धत लागते, तो ५,००० लिहून मोकळा होतो. बरोबर उत्तर ६,९५०, कारण ८१,००० वर सहा महिन्यांचे ४,०५० आधी वजा करायचे असतात. तिघांनाही घसारा म्हणजे काय ते ठाऊक होतं. व्याख्या विचारली असती तर तिघांनीही फटाफट सांगितली असती. मग ही ‘पक्की संकल्पना’ गेली कुठे? ती कधी पक्की नव्हतीच. ते कळलं गणित चुकल्यावर. पुस्तक आणखी चारदा वाचून ते कळलं नसतं, कारण वाचताना कुणी आपली चूक दाखवत नाही.

आता तर वाचनाची जागा मोबाइलवरच्या लेक्चरनं घेतली आहे, तेही दीडपट, दुप्पट वेगानं. सर फळ्यावर होल्डिंग कंपनीचा ताळेबंद जुळवतात, पोरगं मान डोलावतं आणि समजतं की आपल्यालाही आलं. जुळवला सरांनी! पोहणाऱ्याला काठावरून बघून कुणाला पोहता आलंय?

हे नुसतं माझं मत नाही. २००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांचे गट केले. एका गटानं उतारा पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्यानं एकदाच वाचून नंतर तो न बघता तीनदा आठवून लिहिला. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवलं आणि लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. ‘आत्ता वाचलं की येतं’ हा भास कुठून येतो, याचं उत्तर त्या पाच मिनिटांत आहे.

राहिला प्रश्न कालबाह्य पेपरांचा. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि आधीचे अप्रत्यक्ष करांचे पेपर रद्दीत गेले, मान्य. पण सीएची परीक्षा घेणारी इन्स्टिट्यूट परीक्षेआधी आरटीपी, म्हणजे उजळणीची प्रश्नपत्रिका, काढते, ती नव्या तरतुदी धरूनच. शिवाय एमटीपी, म्हणजे सराव परीक्षेचे पेपर, आणि मागच्या परीक्षांची सुचवलेली उत्तरं तिच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. आणि अकाउंट्सचं म्हणाल तर इटलीच्या लुका पाचोलीनं १४९४ साली छापलेली दुहेरी नोंद अजून तीच आहे.

घोकंपट्टीचा आरोप एका ठिकाणी मात्र शंभर टक्के लागू पडतो. पुष्कळ मुलं प्रश्न ‘सोडवतात’ म्हणजे प्रश्न वाचून लगेच खालचं उत्तर वाचतात आणि पुढचं पान उलटतात. तो सराव नव्हे, ते वाचनच. उत्तर झाकून, घड्याळ लावून, पेनानं कागदावर, कार्यटिपांसह (वर्किंग नोट्स) पूर्ण उतरवलं तरच ते सोडवणं. कार्यटिपांना गुण असतात. ‘मनात केलं’ याला नसतात. चूक सापडली की ती का झाली हे एका वहीत दोन ओळींत लिहावं. आठवड्यानं तेच गणित पुन्हा कोऱ्या कागदावर घ्यावं. पहिल्या प्रकरणापासूनच हे सुरू करावं, अभ्यासक्रम संपायची वाट बघू नये. तो कधी संपतो?

आमच्या भागातल्या मुलांना आणखी एक अडचण आहे. सीएचा पेपर इंग्रजीत किंवा हिंदीत लिहायचा, मराठीची सोय नाही. मराठीतून शिकलेल्या मुलाला गणित येतं, पण अर्ध्या पानाचा प्रश्न वाचून नेमकं काय मागितलंय हे काढायलाच दहा मिनिटं जातात. त्याला भाषेच्या वेगळ्या क्लासपेक्षा पन्नास प्रश्न जास्त उपयोगी पडतील. सहकार खात्याच्या जीडीसी अँड ए परीक्षेला मराठी चालते, तिथं हा अडथळा नाही. म्हणून तिथं सराव कमी लागतो असं मात्र समजू नका. नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीला जातो हे पाठ असणं वेगळं आणि पतसंस्थेच्या ताळेबंदात तो बिनचूक बसवणं वेगळं.

सीए इंटरला प्रत्येक पेपरात ४० आणि ग्रुपच्या एकूण गुणांत ५० टक्के लागतात. पेपर दुपारी २ ते ५. मे महिन्यात वऱ्हाडात ती वेळ कशी असते हे कुणाला सांगायला नको. तेव्हा घरच्यांना एवढीच विनंती: आठवड्यातून एक दिवस तरी २ ते ५ पोराला किंवा पोरीला कुठल्याही कामाला हाक मारू नका. मोबाइल तुमच्याजवळ ठेवा आणि पेपर सोडवू द्या.