शाळेच्या कपाटात सलीम अली आहेत का?

शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवंच; पण विज्ञानाची नेमकी कोणती पुस्तकं, हे कायदा सांगत नाही. मग चकचकीत कव्हर आणि सवलत बघून खरेदी होते. आमची साधी कसोटी: ग्रहांचं पान उघडा. प्लूटो अजून नववा ग्रह असेल, तर माहिती २००६ पूर्वीची. दुसरं, सानपाड्याच्या मुलाला त्यात खाडी, खारफुटी, फ्लेमिंगो सापडतात का? ठाणे खाडी २०२२ मध्ये रामसर स्थळ झाली, आणि आपली मुलं पेंग्विनच पाठ करतायत! मुंबईत जन्मलेल्या डॉ. सलीम अलींचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक १९४१ मध्ये आलं. हे नाव आपल्या किती घरांत माहीत आहे? पुढच्या पालक सभेत फीबरोबर ग्रंथालयाची यादीही मागा.