विलायत म्हणजे कुठली?
१९७० च्या सुरुवातीला इराकमधल्या नजफ शहरात, हद्दपारीत असलेल्या आयातुल्ला खोमेनींनी धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांपुढे फारसीत व्याख्यानं दिली; त्यांचंच पुढे ‘हुकूमत-ए-इस्लामी’ हे पुस्तक झालं. ते उर्दूत आणणं सोपं वाटतं, कारण कितीतरी शब्द जसेच्या तसे उचलता येतात. मला धोका तिथेच दिसतो. ‘विलायत’ घ्या. आपल्याकडे तो शब्द इंग्लंडला चिकटला. उर्दू वाचणाऱ्या शियांच्या मनात त्यासरशी हजरत अलींवरची निष्ठा जागी होते. खोमेनींना मात्र त्यातून फकीहाचा, म्हणजे धर्मशास्त्र्याचा, राज्य चालवण्याचा अधिकार मांडायचा होता. शब्द तोच ठेवला की भक्तीची ऊब राजकीय दाव्यालाही आपसूक मिळते. तिथे अनुवादकाची तळटीप हवीच हवी.